एक बंडी रेती

रेती सरकारची आहे हे मला सत्तरी उलटल्यावर समजलं. तोवर मी ती नदीची समजत होतो. आमच्या गावाखालून वैनगंगा जाते. उन्हाळ्यात तिचं अर्धं पात्र नुसतं रेतीचं पडलेलं असतं. लहानपणी आम्ही त्या रेतीत लोळलो, डांगरं पिकवून खाल्ली, म्हशी धुतल्या, आणि सकाळी डबा घेऊन तिथेच बसलो. आपण सरकारच्या मालमत्तेवर बसलो आहोत असं तेव्हा कुणी येऊन सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी आम्ही उठलो नसतो.

मी चौथी शिकलो. त्यामुळे कायद्याचं जे काही मला समजलं ते तलाठ्याच्या टेबलासमोर उभं राहून समजलं. खुर्ची होती, तिच्यावर फायली बसल्या होत्या.

माझी बायको पौषात गेली. आधी ब्रह्मपुरीला नेली, तिथून चंद्रपूरला न्या म्हणाले, चंद्रपूरवरून घरी न्या म्हणाले. घरी आठ दिवस होती. बोलणं कमी झालं होतं, पण हुकूम सोडणं गेलं नव्हतं. एक दिवस दुपारी म्हणाली, "अजी, मले धुऱ्यावर ठेवा. मोहाखाली. तिथून घाट दिसते." मी म्हटलं, "आवं, तुले आता घाट पाहून काय करायचं हाये?" ती म्हणाली, "तुमाले काय करायचं हाये, मी काय करीन त्याचं?" आमचं शेवटचं धड बोलणं हेच. भांडणच म्हणा.

आमच्यात मातीच देतात. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली दिली. वर मातीचा उंचवटा केला, दगड ठेवले. पण ते शेत नदीकडे उतरतं आणि पुराचं पाणी दरसाल त्याच कोपऱ्यातून शिरतं. धानाच्या बांध्या फोडून जातं, तिथे मातीच्या ढिगाचं काय. पावसाळ्याच्या आत पक्का ओटा बांधला नाही तर भादव्यात मला जागाही ओळखू येणार नव्हती. मोहाखाली मी नुसता उभा राहिलो असतो, कुठे नमस्कार करायचा ते न समजून. माझी भीती एवढीच होती. दुसरी कसली आता उरलेली नाही.

विटा घरी होत्या, जुन्या गोठ्याच्या. गवंडी गावातलाच. सिमेंटची दोन पोती आणली. रेती तेवढी नव्हती. एक बैलबंडी पुरली असती.

शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं मला वेड्यात काढलं. "बाबाजी, बंडी काढा न् भरा. कोन इचारते बंडीले?" त्याचं बरोबर होतं. त्याच्या ट्रॅक्टरलाही कुणी विचारत नव्हतं. पण मला विचारल्याशिवाय आणायची नव्हती, आणि याला कारण माझी बायको.

आमच्याकडे तीजेला, म्हणजे भादव्यातल्या हरतालिकेला, बाया नदीवरून रेती आणतात, पाटावर तिची महादेवाची पिंड करतात, दिवसभर उपास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच रेती नदीत नेऊन शिरवतात. सगळ्याच बाया करतात. पण हिचं वेगळं होतं. घाटावर गेली की आधी रेतीला हळद-कुंकू वाहायची, हात जोडून उभी राहायची, आणि मग टोपली भरायची. दुसऱ्या दिवशी पिंड तर न्यायचीच, वर झाडू घेऊन पाटाखालची, उंबऱ्यातली, अंगणात सांडलेली रेतीही गोळा करायची. दाणा दाणा. सून होऊन घरात आली तेव्हापासून हेच. मी खाटेवर बसून हसायचो.

"आवं, चार दाने घरात राह्यले तर महादेव का पोलिसात जाईन?"

"इचारून आनली ना, तर नेऊन बी द्या लागते. तुमाले नाई समजनार अजी. तुमी चहा प्या."

टोपली रिकामी करून तिच्या बुडावर हातानं तीन थापा मारायची, की एक दाणाही चिकटून राहू नये.

म्हणून मी विचारायला गेलो. नदीला विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी तलाठ्याला विचारलं.

तलाठी वरच्या मुलखातला, पोरगेला, बोलायला गोड. आजोबा आजोबा करायचा. आजोबा म्हणणाऱ्या माणसाला मी तेव्हापासून भितो.

"आजोबा, आपल्या घाटाचा लिलाव झालेला नाही. लिलाव झाल्याशिवाय रेती उचलता येत नाही. गुन्हा आहे."

त्याच्या खिडकीतून रस्ता दिसतो. तो हे बोलत असतानाच एक टिप्पर गेला. ओली रेती, मागून पाणी गळत होतं. टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरला. तलाठ्यानं पेल्यावर हात ठेवला.

"मंग हा कोनाचा साहेब?"

"तो पलीकडच्या जिल्ह्यातला आहे. अर्धी नदी चंद्रपूरची, अर्धी गडचिरोलीची. मधोमध रेघ आहे."

"पान्यावर?"

"नकाशावर, आजोबा."

नदी दरसाल कूस बदलते. माझ्या डोळ्यांसमोर तिनं दोनदा धार इकडची तिकडे नेली. पण रेघ जागची हलत नाही आणि टिप्पर नेमका रेघेपलीकडे भरतो. ड्रायव्हरची नजर काय असेल! असा माणूस दवाखान्यात पाहिजे, इंजेक्शन द्यायला.

मग तलाठ्यानं कागद काढला. घरकुल असेल तर रेती मिळते. सरकारी काम असेल तर मिळते. आणखी दोनतीन रकाने होते. ओटा कशात बसत नव्हता.

"गोठा लिहूया का आजोबा? गोठा असेल तर काही तरी करता येईल."

"माही बायको गोठ्यात नाई ठेवली मी."

त्यानं कागद परत फायलीत घातला. एक क्षण मला वाटलं, याच्या पोटात माणूस आहे. मग म्हणाला, "साधा अर्ज द्या. मी वर पाठवतो."

मी तिथेच जमिनीवर बसून अर्ज लिहिला, त्याची नक्कलही केली. चौथीचं अक्षर, पण वाचता येतं. काय पाहिजे, ते लिहिलं. कशासाठी, ते लिहिलं. आणि कामात चालढकल नको म्हणून, येत्या सोमवारी सकाळी घाटावरून एक बंडी नेईन, हेही लिहिलं. तलाठ्यानं वाचला, माझ्या नकलेवर गोल शिक्का मारला, सही केली, नक्कल मला दिली.

आता हुशार माणसं हसतील. हसा. शिक्का म्हणजे नुसती पोच, अर्ज मिळाला एवढंच त्याचं म्हणणं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या गावात शिक्का मारला की काम झालं. मी विचारलं होतं, त्यानं नाही म्हटलं नव्हतं, शिक्का मारला होता. बायको विचारायची तेव्हा नदी तरी कुठे हो म्हणायची?

सोमवारी बैल जुंपले. ऊन चढायच्या आत घाटावर पोचलो. जाताना तिचा कुंकवाचा करंडा खिशात घातला होता. आजूबाजूला पाहिलं, कुणी नव्हतं, आणि रेतीवर कुंकू टाकलं. जास्तच पडलं. मला काय सवय! हात जोडले. मग फावडं घेतलं आणि बंडी भरली. माझ्या वयात बंडी भरायला किती वेळ लागतो ते विचारू नका.

चढ चढून वर आलो तर मोटरसायकल आडवी. तलाठी आणि आमच्या गावचा कोतवाल.

"आजोबा, बंडी थांबवा."

मी शिक्क्याचा कागद काढला. तलाठी म्हणाला, "हो, त्याच्यामुळेच तर आलो. दिवस, वेळ, सगळं तुम्हीच लिहून दिलं होतं. मी नाही आलो असतो तर उद्या मला विचारलं असतं, माहीत असून का नाही गेला."

पाहा कसा न्याय असतो. ज्यांनी लिहून दिलं नाही त्यांचं सरकारला माहीत नाही. ज्यानं लिहून दिलं त्याला पकडायला मोटरसायकल. इतक्या वर्षांत त्या घाटावरून किती रेती गेली असेल, पण दिवसाढवळ्या सापडलेला चोर मी एकटा. पंचनामा तिथेच झाला. लाकडी बंडी एक. बैल दोन, एक पांढरा, एक तांबडा, तांबड्याचं शिंग तुटकं. फावडं एक. घमेलं एक. कोतवाल खाली मान घालून बैलांकडे पाहत होता. त्याच्या जन्माच्या वेळी त्याच्या मायजवळ रात्रभर माझी बायकोच बसली होती. तलाठ्यानं विचारलं, "आणखी काय आहे?" माझ्या हातात करंडा होता. कोतवालानं तो हळूच काढून माझ्या खिशात घातला. "हे नका लिहू साहेब. हे घरचं हाये."

जप्त केलेली बंडी तहसीलला न्यायची असते. कुणी न्यायची? ज्याची आहे त्यानंच. म्हणजे चोरानं स्वतःला पकडून, स्वतःचे बैल हाकत, स्वतःचा चोरीचा माल सरकारच्या दारात नेऊन टाकायचा. मी हाकली. मागून तलाठी मोटरसायकलवर, बैलाच्या चालीनं. इतक्या हळू गाडी चालेना म्हणून दोन्ही पाय जमिनीवर घासत. वाटेत तीन टिप्पर आमच्या बाजूनं गेले, भरलेले. तिसऱ्याच्या ड्रायव्हरनं वेग कमी केला, डोकं बाहेर काढलं.

"काय बाबा, रॉयल्टीची पावती हाये का?"

मी मागं पाहिलं. तलाठी मोबाईलमध्ये पाहत होता. मोबाईलमध्ये त्या वेळी काय एवढं आलं होतं मला माहीत नाही, पण टिप्पर वळणापलीकडे जाईपर्यंत त्याचं वाचून झालं नाही.

तहसीलला एक मोठे साहेब बसले होते. त्यांनी मला कायदा समजावला. वेळ काढून समजावला, ते मी मान्य करतो. म्हणाले, "वाळू हे गौण खनिज आहे."

"गौन म्हंजे काय साहेब?"

"म्हणजे लहान. दुय्यम."

"मंग येवढं काऊन धरून बसले?"

शिपाई खोकला. साहेबांनी चष्मा काढला. "बाबा, नदी वाचली पाहिजे म्हणून हा कायदा आहे. रेती गेली की पाणी जातं, विहिरी आटतात, काठ ढासळतो."

हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या घाटावर जिथे बाया बसून कपडे धुवायच्या तिथे आता रेती काढणाऱ्या मशीनीनं पाडलेले, हत्ती बुडेल असे खड्डे आहेत. माझी विहीर चैतात तळ दाखवते. कायदा चांगला आहे. मी कायद्याच्या बाजूचा माणूस आहे. पण साहेबांच्या खोलीत बसून तो जेवढा चांगला वाटतो तेवढा नदीत उभं राहून वाटत नाही. मी त्यांना म्हटलं, "साहेब, हे सांगतलं ते चांगलं हाये. एकडाव खाली येऊन त्या मशीनीले सांगा. मी बंडीत बसवून नेतो तुमाले." ते म्हणाले, "पुढच्या तारखेला या."

बंडी आणि बैल हमीपत्रावर सुटले. रेती सरकारजमा. ती खालीही मीच उतरवली, माझ्याच फावड्यानं, आवाराच्या भिंतीजवळ. एवढ्या मोठ्या तालुक्याची रेतीचोरी, आणि आवारात जप्तीचा ढीग एकच, माझा. त्यात कुठे कुठे कुंकू दिसत होतं.

तारखा झाल्या. तारखेला काय होतं, तर पुढची तारीख. मी जायचो, ढिगाकडे पाहायचो, यायचो. पहिल्या वेळी त्यावर कुत्री झोपली होती. दुसऱ्या वेळी ढीग अर्धा झाला होता. तिसऱ्या वेळी ढीग नव्हता, आणि आवाराच्या मधोमध झेंड्याच्या खांबाला नवा ओटा झाला होता. महाराष्ट्र दिन तोंडावर आला होता ना. ओटा ताजा होता, वर ओली पोती टाकलेली. शिपाई बादलीनं पाणी मारत होता.

"भाऊ, रेती कुठून आनली?"

"आनली कायले? इथीच पडून होती."

मी पोतं बाजूला करून पाहिलं. काम चांगलं होतं. कोपरे सरळ, पायऱ्या दोन, अगदी मला पाहिजे होता तसा. गवंड्याला मी मानलं. मग आत गेलो, मोठ्या साहेबांना म्हटलं, "साहेब, माह्या बायकोचा ओटा तुमी झेंड्याले बांधला."

त्यांना आधी समजलं नाही. समजल्यावर ते जरा कानकोंडे झाले, पण साहेब माणूस किती वेळ कानकोंडा राहणार! म्हणाले, "बाबा, ते शासकीय काम आहे. नियमात बसतं."

रकान्यात बसलं होतं शेवटी. एक शिवी तोंडात आली होती, ती तशीच गिळून घरी आलो. तिचं नाव निघालं होतं त्या खोलीत, म्हणून. नाही तर गिळली नसती.

वैशाख अर्धा उरला होता. घरी अंगणात बसलो होतो तर शेजारची बाई आली. माझ्या बायकोची जन्माची मैत्रीण, तोंडानं तिखट. तिनं सगळं ऐकलं आणि हसली.

"भाऊ, तुमाले बंडी न्यायले कोनं सांगतलं? टोपली न्या. बायाइच्या डोक्यावरची रेती सरकारले कधीच नाई दिसली."

"मी का बाई हाये?"

"नाई ना. बाई असते तर एवढ्यात ओटा झाला असता."

दुसऱ्या सकाळी मी बायकोची टोपली काढली. तिच्याच जुन्या लुगड्याची चुंबळ केली. घाटावर गेलो, कुंकू वाहिलं, या वेळी बेतानं, टोपली भरली, आणि डोक्यावर घेता येईना. रेती ओली असली की किती जड असते हे मला माहीत नव्हतं. एक तर ती उचलायची, मग तोल धरायचा, मग चढ. चढावर मान ताठ ठेवावी लागते, पायाखाली पाहता येत नाही, आणि रेतीतलं गार पाणी मानेवरून पाठीत उतरतं. दरसाल ती निर्जळी उपासात हे करायची. दोनदा, आणताना आणि नेताना. मी खाटेवर बसून चहा प्यायचो. एकदाही उठून टोपली उतरवायला गेलो नाही. बायकांचं काम आहे म्हणायचो. कायदा, तलाठी, साहेब यांच्याबद्दल मी इथे जे लिहिलं आहे ते खरंच आहे, पण चढाच्या मध्यावर थांबलो तेव्हा मला सगळ्यात जास्त कीव आली ती त्या खाटेवरच्या माणसाची.

घाटावरच्या बायांना आयती मजा झाली. "अजी बुवा, तीज वैशाखात आली का हो?" "नवरा चांगला भेटावा म्हनून करून राह्यले का?" मी म्हटलं, "बायको चांगली भेटली होती, ते फेडून राह्यलो." तिसऱ्या दिवसापासून एकीदोघी टोपली डोक्यावर द्यायला हात लावू लागल्या. पण थट्टा थांबली नाही, आणि ते बरंच झालं.

तलाठी एकदा चढावरच भेटला. मोटरसायकल थांबवली.

"आजोबा, हे काय?"

"महादेव."

"रोज?"

"लय मोठा महादेव हाये, साहेब."

त्यानं टोपलीकडे पाहिलं, माझ्या ओल्या पाठीकडे पाहिलं, आणि खिशातून मोबाईल काढला. या वेळी त्यानं खरंच काही वाचलं असेल असं मला वाटत नाही. मी वळणापलीकडे गेलो तेव्हा गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. टिप्परला जे मिळतं ते मला एकदा मिळालं. त्याचा मला अभिमान वाटला नाही.

ओटा झाला. झेंड्याच्या ओट्याएवढा सफाईदार नाही, एक कोपरा दबका आहे, कारण शेवटची रेती मी कमी आणली होती, मान धरली होती. पण पुराचं पाणी आलं, दोन दिवस उभं राहिलं, गेलं, आणि ओटा जागच्या जागी होता. चिखलातून चालत जाऊन मी त्यावर हात ठेवला तेव्हा तो ओला होता, पण हलला नाही.

मग भादव्यात तीज आली. गावात बाया रेती आणायला निघाल्या आणि मला आठवलं, ओट्याभोवती अजून रेती पडली आहे. चिखलाखाली थोडी, विटांच्या कडेला थोडी. बाया तीजेच्या दुसऱ्या सकाळी पिंड शिरवायला निघाल्या तेव्हा मी तिचा झाडू घेऊन मोहाखाली गेलो. झाडली. हातानं वेचली. माती जास्त आणि रेती कमी अशी अर्धी टोपली झाली. ती घेऊन घाटावर उतरलो.

घाट राहिला नव्हता. जिथे ती हात जोडून उभी राहायची तिथे मशीनीनं काढलेला खड्डा, त्यात हिरवं पाणी साचलेलं. बाया वरूनच, काठावरून, आपापल्या पिंडी सोडत होत्या. मी त्यांच्या बाजूला उभा राहिलो. शेजारच्या बाईनं माझ्या टोपलीत डोकावून पाहिलं.

"तुमी काय शिरवून राह्यले भाऊ?"

"उरलेली."

"अन् बाकीची?"

"ते तिच्याजवळ हाये. तिचं तिले पाहू द्या."

मी टोपली उलटी केली. बुडावर तीन थापा मारल्या. दोन दाणे चिकटून राहिले होते, म्हणून आणखी एक मारली.